रिपोर्टच्या पाकिटासोबत एक माणूस पण द्या

पुण्यातल्या सगळ्या लहानमोठ्या हॉस्पिटलांच्या आणि कॅन्सर सेंटरांच्या व्यवस्थापनाला,

सप्रेम नमस्कार.

तक्रारीचं पत्र नाहीये हे. म्हणजे थोडी तक्रार मधे मधे येईलच, पुण्यात राहते म्हटल्यावर ती टळणार नाही, पण मुळात मागणी आहे आणि ती आधीच सांगून टाकते, कारण तुम्हा लोकांना वेळ किती कमी असतो ते मी चांगलं बघितलंय. ज्या दिवशी तुम्ही एखाद्या बाईच्या हातात ब्रेस्ट कॅन्सरचा रिपोर्ट देता, त्याच दिवशी तिला एक माणूस पण जोडून द्या. नाव माहीत असलेला, फोन उचलणारा, तिला कळेल असं बोलणारा एक माणूस. एवढंच. नवीन मशीन नको, नवीन विंग नको, लॉबीत धबधबा तर अजिबात नको.

मी सिंहगड रोडला राहते, एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. माझी ट्रीटमेंट झाली, आता रोजची हार्मोनची गोळी चालू आहे, तब्येत बरी आहे, त्यामुळे कोणी हळहळावं म्हणून हे लिहीत नाहीये. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. वेटिंगमधे बसून बसून इतक्या जणींशी बोलणं झालंय की आता खात्री आहे, बोर्ड बदलला तरी गोष्ट तीच.

तुमच्याकडे माणसं नाहीत असं नाही ना. गाडी कुठे लावायची ते सांगायला शिट्टीवाले काका आहेत, टोकन द्यायला माणूस आहे, इन्शुरन्सच्या कॅशलेससाठी टीपीएचा डेस्क आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असाल तर आरोग्यमित्र बसतो आणि तो बिचारा रेशनकार्ड, आधार, कुठला कागद कमी आहे, ५ लाखांच्या मर्यादेत काय बसतं सगळं समजावून सांगतो, मी ऐकलंय शेजारी बसून, फार शांतपणे सांगत होता. म्हणजे पैसे कुठून येणार हे सांगायला दोन दोन खिडक्या आणि आता माझं पुढे काय होणार हे सांगायला एकही नाही. डॉक्टर आहेत की, असं म्हणाल. डॉक्टरांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, माझे सर्जन तर देवमाणूस, पण बाहेर पन्नास माणसं ताटकळत असताना तो माणूस किती बोलणार, आणि आपण तरी किती ऐकणार, कारण 'कॅन्सर' हा शब्द कानावर पडला की पुढची पाच मिनिटं ते काय बोलले ते कोणालाच आठवत नाही. मला नाही आठवत, नवऱ्याला नाही आठवत, आणि आम्ही दोघंही तिथेच होतो.

त्यात ते डॉक्टर भेटले सोमवारी. रिपोर्ट मिळाला शनिवारी संध्याकाळी. काउंटरवर लॅमिनेट केलेली पाटी, 'रिपोर्टबाबत येथे चौकशी करू नये'. पाटीला काही म्हणायचं नाही, त्या काउंटरवरच्या मुलीला खरंच काही माहीत नसतं, तिने का सांगावं. पाकीट स्टेपल केलेलं होतं. मी ते रिक्षात उघडलं, दांडेकर पुलाच्या सिग्नलला, आणि त्यात लिहिलं होतं इन्व्हेजिव डक्टल कार्सिनोमा (म्हणजे दुधाच्या नळ्यांत सुरू होऊन बाहेर आलेला कॅन्सर, हे नंतर कळलं), ग्रेड थ्री. खाली ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७ अशी सगळी अक्षरं आणि टक्के. मग शनिवारची रात्र, पूर्ण रविवार आणि रविवारची रात्र मी आणि माझा मोबाईल. दहावीच्या पोरीला कळू नये म्हणून बाथरूममधे बसून वाचायचं.

आता गंमत बघा, ग्रेड थ्री म्हणजे स्टेज थ्री नाही. हे एवढं एक वाक्य मला कोणी शनिवारी सांगितलं असतं ना तर मी रविवारी जेवले असते. ग्रेड म्हणजे त्या पेशी मायक्रोस्कोपखाली किती वेड्यावाकड्या दिसतात आणि किती वेगात वाढतायत ते, त्याचे आकडे तीनपर्यंतच असतात. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय ते, ते चारपर्यंत जातं आणि ते बायोप्सीच्या एका तुकड्यावरून ठरतही नाही, स्कॅन, काखेतल्या गाठी वगैरे बघून ठरतं. तसंच ते पॉझिटिव्ह. करोनानंतर आपल्याकडे पॉझिटिव्ह म्हटलं की वाईट हे डोक्यात इतकं बसलंय की ईआर पीआर पॉझिटिव्ह वाचून माझी नणंद फोनवर रडायलाच लागली, आणि खरं म्हणजे त्याचा अर्थ असा की आजार हार्मोनवर पोसला जातोय, म्हणजे त्याच्यावर हार्मोनच्या गोळ्या चालतात, म्हणजे हातात एक जास्तीचं हत्यार आहे. हर-टू म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रोटीन, ते पॉझिटिव्ह आलं तर त्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं, साधारण वर्षभर चालतं, आणि २०१४ पासून त्याची भारतात बनलेली तुलनेने स्वस्त आवृत्ती मिळायला लागली. आणि हर-टू 'टू प्लस' आलं तर तो धड हो पण नसतो आणि नाही पण नसतो, मग फिश नावाची अजून एक टेस्ट आणि अजून थांबणं. हे सगळं सांगायला डॉक्टरच पाहिजे असं काही नाही. नीट ट्रेनिंग दिलेली नर्स दहा मिनिटात सांगू शकते, वर 'तुमच्या केसमधे नक्की काय ते डॉक्टर सोमवारी सांगतील' एवढं जोडून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे मला पंधरा दिवसांनी कळलं, ते म्हणजे साधारणपणे हा आजार तासातासाला धावत नसतो. एक-दोन आठवडे नीट विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला, घरात सांगायला मिळतात. महिनोन्महिने घालवायचे नाहीत हे खरंच आहे, पण 'उद्याच्या उद्या ॲडमिट व्हा नाहीतर' अशी तलवार बहुतेक वेळा नसते. ते कोणी सांगत नाही म्हणून मग दोन टोकं होतात, एकतर माणसं घाबरून कुठेही सही करतात नाहीतर घाबरून कुठल्यातरी काढेवाल्याकडे जाऊन सहा महिने बसतात. दोन्ही प्रकार मी त्याच बाकड्यावर ऐकले.

सेकंड ओपिनियनचा विषय निघालाच आहे तर. तो पेशंटचा हक्क आहे, रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, आणि ती सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ पासून नियमाने बंधनकारक आहे. माझ्या हॉस्पिटलमधे पण लावलेली होती. लिफ्टच्या बाजूला, कुंडीतल्या पामच्या मागे. दर्शनी म्हणजे पामला दर्शन.

घरातलं सांगते आता, कारण ते तुम्हाला दिसत नाही. सोमवारी आम्ही फाईल घेऊन घरी आलो आणि मंगळवारपर्यंत सगळ्यांचे सल्ले सुरू. आत्या म्हणाली, सुई लावून घेतलीस ना, त्यानेच पसरतं. (नाही पसरत. बायोप्सीशिवाय कुठलं औषध द्यायचं ते ठरतच नाही.) चुलत सासूबाईंनी माझा चहाचा कप वेगळा ठेवला, प्रेमाने, म्हणजे त्यांना खरंच वाटत होतं की त्याने मला त्रास कमी होईल. सासरे असते तर ते म्हणाले असते तेच नवऱ्याचे काका म्हणाले, काढूनच टाका एकदाचं, कटकट नको. आता हे 'काढूनच टाका' बघा किती सहज म्हणतात, आणि त्यात बाईचा विचार नसतोच असं नाही, काळजीच असते. पण आजार लवकर सापडला असेल तर फक्त गाठ आणि आजूबाजूचा भाग काढून वर रेडिएशन देणं हे पूर्ण स्तन काढण्याइतकंच सुरक्षित आहे, अमेरिकेत आणि इटलीत हजारो बायकांवर वीस वीस वर्षं लक्ष ठेवून त्याचे निकाल २००२ सालीच छापून आलेत, जगण्याच्या बाबतीत फरक निघाला नाही. सगळ्यांना ते चालेल असं नाही, गाठीचा आकार, किती ठिकाणी आहे, रेडिएशनला रोज येणं जमणार का, असं बरंच असतं. पण विचारता येतं हे तरी कळायला पाहिजे ना. माझ्या बाजूच्या बेडवरच्या काकूंना ऑपरेशन झाल्यावर कळलं की असं पण असतं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं 'अस्सं होय' म्हणाल्या.

आणि मग ती लपवालपवी. आमच्याकडे तेव्हा नणंदेच्या मुलीसाठी स्थळ बघायचं चाललं होतं, घराण्यात कॅन्सर आहे म्हणून ते अडेल ही भीती, त्यामुळे ठरलं की 'गाठ होती, साधीच होती' असं सांगायचं. मी पण हो म्हटलं, त्या वेळी भांडायची ताकद कुठे होती. त्याचा परिणाम असा झाला की ज्या बायका मला डबा आणून देऊ शकल्या असत्या, मुलीला क्लासला सोडू शकल्या असत्या, त्यांच्यासमोर मी नॉर्मल असल्याचं नाटक करत होते. आमच्या सोसायटीत बी विंगमधल्या एक बाई, नाव नाही लिहीत, यांना सहा वर्षांपूर्वी हेच झालं होतं. माझ्या घरापासून चाळीस पावलांवर. मला कधी कळलं, तर केस गेल्यावर, त्यांनी लिफ्टमधे माझ्या स्कार्फकडे बघितलं आणि हळूच विचारलं, कुठली केमो चालू आहे. त्यांनीपण सगळ्यांना 'थायरॉईड' सांगितलं होतं! अहो दोन बायका एका लिफ्टमधून वर्षानुवर्षं जातायत आणि दोघींनी एकमेकींपासून तेच लपवलंय. खरं म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण पाच ते दहाच केसेस आनुवंशिक असतात, आणि तशी शंका असेल तर जेनेटिक टेस्ट असते, काउन्सेलिंग असतं. शिवाय नणंदेच्या मुलीचं आणि माझं रक्ताचं नातं कुठे आहे. हे कोणी अधिकारवाणीने आमच्या घरी बसून सांगितलं असतं तर नणंदेच्या मुलीचं काही अडत नव्हतं. नवऱ्याने सांगून पटत नाही हो, हॉस्पिटलच्या माणसाने सांगितलं की पटतं. (तिचं जमलं, दिवाळीनंतर आहे लग्न. मुलाकडच्यांना तिनेच सरळ सांगितलं.)

मला खरा आधार कोणी दिला ते सांगते. पहिल्या केमोच्या दिवशी डे-केअरमधे शेजारच्या खुर्चीत इंदापूरकडच्या एक मावशी होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, पदराखाली केस नाहीत, हातात स्टीलचा डबा. पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरून आलेल्या. माझ्या सलाइनला ती लाल केमो लावली, बघूनच पोटात गोळा येतो असा रंग असतो तिचा, आणि त्या आपल्या शांतपणे म्हणाल्या, "घरी गेल्याव लगवी लाल व्हईल बग. घाबरू नगंस, रगत न्हाई त्ये, आवशदाचा रंग हाय." संध्याकाळी घरी तसंच झालं, अगदी तसंच, आणि मी घाबरले नाही. विचार करा, हे वाक्य नसतं तर आम्ही रात्री रिक्षा करून इमर्जन्सीला आलो असतो. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर असेल ते कदाचित, इंग्लिशमधे, तिसऱ्या पानावर.

मावशींनी अजून पण सांगितलं. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उशीवर दिसायला लागतात, त्याच्या आधीच बारीक करून घे, न्हाणीघराची मोरी तुंबती. ताप शंभराच्या वर चढला तर 'रात हाय, सकाळी बघू' असं म्हणून थांबायचं नाही, उठायचं आणि यायचं. हे तर इतकं महत्त्वाचं आहे की माझ्या मते प्रत्येक केमो पेशंटच्या फ्रिजवर चिकटवलं पाहिजे, कारण केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना १००.४ च्या वर ताप म्हणजे तातडीचं काम असतं, क्रोसिन घेऊन झोपायचं काम नाही. मावशी चौथी पास. त्यांनी हे कुठे शिकलं, तर त्यांच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या कोणाकडून तरी. म्हणजे तुमच्या हॉस्पिटलमधे ही व्यवस्था आहेच, फक्त ती नशिबावर चालते. शेजारी मावशी आल्या तर आल्या. मला त्या दिवशी शेजारी कोणी मोबाईलवर सिरियल बघणारं आलं असतं तर?

ऑपरेशननंतर परत तेच. काखेजवळून नळी आणि तिच्या टोकाला तो ड्रेनचा डबा, तो घेऊन घरी जायचं, रोज किती एमएल आलं ते वहीत लिहायचं. पण तो धरायचा कुठे हे कोणी सांगत नाही. एक हात दुखरा, दुसऱ्या हातात डबा, मग दार कशाने उघडायचं. लिफ्टवाल्या बी विंगच्या बाईंनी जुन्या परकराच्या कापडाची लांब बंदाची पिशवी शिवून दिली, गळ्यात अडकवायची, डबा आत. आतून एक छोटा कप्पा पण, पेन ठेवायला, वहीत लिहायचं असतं ना. पुढून चेनचे गाऊन घे, डोक्यावरून घालायचं काही नको, हात वर जात नाही, हे पण त्यांनीच सांगितलं. फिजिओथेरपीच्या व्यायामाचा कागद मला मिळाला होता पण भिंतीवर बोटं चढवत नेताना किती दुखणं नॉर्मल आणि कुठे थांबायचं ते त्यांनी शेजारी उभं राहून दाखवलं. ज्यांचं पूर्ण काढलंय त्यांना आतून घालायला हाताने विणलेले सुती, वजनाला हलके प्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम स्तन, असतात, आपल्या देशात काही गट ते फुकट पाठवतात. मी हे ज्यांना सांगितलं त्या काकू तोपर्यंत हातरुमालाच्या घड्या घालून फिरत होत्या.

आता तुम्ही म्हणाल काउन्सेलर ठेवलाय की आम्ही. हो, मला पण पाठवलं होतं एकदा. बिचारी चांगली मुलगी होती. तिने मला पॉझिटिव्ह राहा म्हणून सांगितलं. मला त्या दिवशी हे जाणून घ्यायचं होतं की मुलीच्या प्रीलिमच्या आठवड्यात केमो आली तर पुढे ढकलता येते का, आणि ती म्हणाली मनात शांत समुद्र आणा. पुण्यात कुठला समुद्र. ज्यांना खरंच झोप लागत नाही, काही खावंसं वाटत नाही, सगळं नको वाटतं, त्यांना मानसोपचार लागतो आणि तो मिळालाच पाहिजे, त्याची मी चेष्टा करत नाहीये. पण आमच्यातल्या बऱ्याच जणींना आधी माहिती लागते. माहिती मिळाली की अर्धी भीती आपली आपण जाते, उरलेल्या अर्ध्याचं मग बघू.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. न्यूयॉर्कमधे टेरेस लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ साली, स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर, दुसऱ्या पेशंट बायकांना वॉर्डात जाऊन भेटायला सुरुवात केली, त्यातून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. हार्लेम हॉस्पिटलमधे डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मधे पेशंटला हाताला धरून नेणारी माणसं नेमली, गरीब वस्तीतल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांसाठीच. सोबत स्वस्तात तपासणी पण सुरू केली होती म्हणून सगळं श्रेय त्या माणसांना देता येणार नाही, पण तिथे पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्या बायकांचं प्रमाण आधी ३९ टक्के होतं ते ७० टक्क्यांवर गेलं. आणि एवढं लांब कशाला, परळच्या टाटा हॉस्पिटलने टीआयएसएसच्या, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या, सोबत 'केवट' नावाचा कोर्स काढलाय, पेशंटला वाट दाखवणारी माणसं तयार करायचा. व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून मुंबईत काम करतंय, ते सुरूच केलं एका कॅन्सरमधून बाहेर आलेल्या बाईंनी. मग मुंबईला जमतं ते पुण्याला का जमू नये, बाकी सगळ्या बाबतीत तर आपण त्यांच्यापेक्षा शहाणे असतो!

खर्चाचं म्हणाल तर एकच सांगते. ऑक्टोबर आला की पिंक लाईट, पिंक फुगे, पिंक टीशर्ट, सकाळी सहाला वॉकथॉन, सेलिब्रिटी, स्टेज. करा, त्याने चार बायका मॅमोग्राफीला जात असतील तर चांगलंच आहे. पण ज्यांना आधीच झालंय त्यांच्यासाठी त्या महिन्यात काय असतं, तर लॉबीत सेल्फी पॉइंट. मी केमोला जाताना त्याच्या बाजूने गेले आहे, डोक्याला स्कार्फ बांधून, आणि एक उत्साही मुलगी मला फुगा द्यायला आली. त्या एका महिन्याच्या इव्हेंटच्या पैशात एका नर्सचा वर्षाचा पगार निघेल की नाही ते तुमच्याच अकाउंट्सला विचारा, मी त्याच धंद्यातली आहे, मला साधारण अंदाज आहे.

दुसरी शंका, पेशंटने पेशंटला काहीतरी भलतंच सांगितलं तर. रास्त आहे. म्हणून तर ट्रेनिंग द्या म्हणते. औषध, डोस, 'मला हे लागू पडलं तू पण घे' हे बंद, डॉक्टरांच्या निर्णयावर शेरे बंद, आणि कळत नसेल तिथे 'मी विचारून सांगते' म्हणायची सवय. एक नर्स कायमची आणि तिच्या हाताखाली आमच्यासारख्या ट्रीटमेंट संपलेल्या चार-पाच जणी. आज तसंही वेटिंगमधे आम्ही एकमेकींना सांगतोच आहोत, कोणाचंच लक्ष नसताना.

आणि हा माणूस पहिल्या दिवशीच पाहिजे, नंतर नको, याचं एक कारण म्हणून ती हिंजवडीची मुलगी सांगते. अठ्ठावीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. तिला तिसऱ्या केमोच्या वेळी कळलं की केमोने पाळी बंद होऊ शकते, आणि मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतात, त्याला थोडेच दिवस लागतात. केमो सुरू होण्याआधी. तिच्या फाईलमधे सगळ्या सह्या होत्या, संमतीपत्रं होती, कुठेतरी बारीक अक्षरात ते वाक्य पण असेल. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती हे सांगताना रडत नव्हती, चिडली होती, आणि तिचं चिडणं बरोबर होतं.

नवऱ्यांचं पण बघा जरा. ते बिचारे कॉरिडॉरमधे उभे, हातात फाईल, पाण्याची बाटली, बायकोची पर्स, आणि कोणाशी काय बोलावं कळत नाही. माझा नवरा घरी एकदम नॉर्मल असायचा आणि गाडी पार्क करायला गेला की वीस वीस मिनिटं यायचा नाही. आणि पुरुषांना पण हा आजार होतो, शंभरातली जवळपास एक केस त्यांची असते. ओपीडीत एक काका यायचे, रिसेप्शनला दर वेळी 'पेशंट कुठे आहे' विचारायचे आणि ते दर वेळी 'मीच' म्हणायचे. सगळी लाईन वळून बघायची.

आकडा पाहिजे असेल तर, आपल्या देशात २०२२ या एका वर्षात साधारण १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने ब्रेस्ट कॅन्सर निघाला असा जागतिक अंदाज आहे, बायकांमधला सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. त्यातल्या सोलापूर, सातारा, अहिल्यानगर, धाराशिवकडच्या कितीतरी जणी तुमच्याच दारात येतात. त्यांना राहायला जागा कुठे, रेल्वेच्या तिकिटात कॅन्सर पेशंटला सवलत असते, तिचा फॉर्म तुमच्याच हॉस्पिटलने भरून द्यायचा असतो, हे सांगायला पण हाच माणूस.

तर मला जे दिसतंय ते असं. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी काउंटरवर देऊ नका, कॅन्सर निघाला असेल तर त्या बाईला फोन करा आणि बसवून, कोणाला तरी सोबत आणायला सांगून, द्या. त्याच वेळी त्या नर्सचं नाव आणि नंबर. एक कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, त्यात ग्रेड म्हणजे काय, स्टेज म्हणजे काय, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, लाल लघवी, १००.४ ताप. महिन्यातून एकदा एक खोली, दहा-बारा खुर्च्या, चहा, आणि भाषण नाही. हा कागद मी लिहून द्यायला तयार आहे, तुमच्या डॉक्टरांनी तपासावा, लाल पेनने खोडावं, माझी हरकत नाही.

बसायला पण तयार आहे. बी विंगच्या बाई पण तयार आहेत, 'थायरॉईड' सांगणं त्यांनी आता बंद केलंय. इंदापूरच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या येते की, तपासणीला यायचंच असतंय. आम्हाला पगार नको, येण्याजाण्याचे पैसे दिलेत तर मावशींना उपयोग होईल. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी जमेल, गुरुवारी नाही, गुरुवारी आमच्या ऑफिसला जीएसटीची गडबड असते. टेबल केमो डे-केअरच्या बाहेर लावा किंवा ओपीडीच्या पॅसेजमधे, कुठेही चालेल, फक्त बिलिंगच्या शेजारी नको, तिथे लोक आधीच हिशोबात असतात, आमच्याकडे बघणार नाहीत.

आपली,
सिंहगड रोडवरची एक पेशंट